एकाच बांधावरून बावन्न रविवार

खाजनकाठ | रविवार, सकाळी ९:४०

गेल्या श्रावणात पुण्याहून मावसबहीण आली होती. तिच्या लेकीला शाळेसाठी आजोळच्या गावाचे फोटो हवे होते. मी फोन उघडून बसले. मनालीचे निघाले, मुन्नारचे निघाले, हंपीचे तर दोनशेच्या वर. आमच्या चोडणचे (गोव्यातलं, मांडवी नदीतलं बेट) म्हणून जे होते ते चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या चौकटीखाली, उभ्या राहिलेल्या माणसांचे आणि एका बारशाचे. ज्या बांधावरून लहानपणापासून चालतेय, त्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. पोरगी म्हणाली, "मावशी, इथे काढण्यासारखं काही नाही का?" ते मनाला फार लागलं.

पुढच्या रविवारी पहाटे उठून बांधावर गेले. मानशीपासून (बांधातल्या पाण्याच्या दारापासून) वीसेक पावलांवर एक जुना चिरा रोवलेला आहे. त्यावर उभं राहायचं, तोंड पूर्वेला, वेळ पावणेसात, फोटो एकच. ठरवून टाकलं की वर्षभर दर रविवारी हेच करायचं. आज बावन्न झाले. चार रविवार हुकले (दोन तापात, एक लग्नात, एक वादळी पावसात फेरीबोट बंद होती आणि मी पलीकडे रायबंदरला अडकले होते), तेवढे चार सोमवारी भरून काढले.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांध मातीचा आणि चिऱ्यांचा. त्यात जागोजाग मानस, म्हणजे लाकडी दाराची मोरी. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार आपसूक मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात आत भात, तेही खारवट जमिनीत तग धरणारं कोरगुट. कापणी झाली की खारं पाणी आत घ्यायचं आणि मासळी-सुंगटं (कोळंबी) धरायची. उन्हाळ्यात जमीन सुकते, जूनच्या पावसात मीठ धुऊन जातं, परत पेरणी.

हे सगळं मला ठाऊक होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदाच, या वर्षात.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत तो फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे एका रविवारी पावणेसातला नदी काठोकाठ, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी चिखल उघडा, तिवराची (खारफुटीची) श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. सगळे फोटो ओळीने लावले की नदी श्वास घेताना दिसते. माझे आजोबा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. आमच्या आतल्या पाण्यात थोडं पुढंमागं होतं, पण माझ्या फोटोंवर ताडून पाहिलं, आजोबांचं गणित वर्षभर उभं राहिलं. ते जाऊन सतरा वर्षं झाली. त्यांचं गणित पडताळायला मला एवढा वेळ लागला.

दुसरी गोष्ट उजेडाची. घड्याळ तेच, पण जूनमध्ये पावणेसातला ऊन चांगलं हातभर वर आलेलं असतं, जानेवारीत सूर्य अजून उगवायचा असतो. प्रचि (प्रकाशचित्र) २२ ते २५ त्यामुळे निळसर आहेत. त्यात मी काही मिसळलेलं नाही, ती निळाई तशीच होती.

प्रचि ९ (ऑक्टोबर, कापणीच्या आदला रविवार) माझा सगळ्यात लाडका. भात पिवळं, बांध काळपट, मागे कांदळाची (ही दुसरी खारफुटी) हिरवी भिंत आणि त्याच्याही मागे, पावसाने हवा धुऊन काढल्यामुळे, सह्याद्रीची निळी रेघ. वर्षात ती इतकी स्वच्छ मला पाच-सहा वेळाच दिसली.

तुम्ही आपापल्या घराजवळचं काय पाहता, कुठून पाहता, ते इथे टाका. समुद्रकिनारेही चालतील. पण घराचं असलं पाहिजे.


रानवाट | रविवार, सकाळी ११:०५

ताई, सुंदर. तुमचे बावन्न फोटो दोनदा पाहिले. तुम्ही ज्याला निळी रेघ म्हणता तिच्या पायथ्याशी आमचं घर आहे, सत्तरी तालुक्यात. म्हणजे प्रचि ९ मध्ये कुठेतरी मीही आहे!

एक मनातलं बोलतो. गोव्याचे फोटो म्हटले की किनारा, माड, मावळता सूर्य. त्यात वाईट काही नाही, पण राज्याची पूर्व बाजू जवळजवळ सगळी डोंगर-जंगलाची आहे. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर, मोलेचं २४०, खाली नेत्रावळी २११, त्याच्याखाली खोतीगाव. इतकं रान असून आमच्या पोरांनाही 'गोवा' लिहून शोधलं की वाळू दिसते. मग त्यांना वाटतं, गोवा दुसरीकडे आहे, आपण कुठल्या तरी आडबाजूला राहतो. माझ्या धाकट्याने एकदा विचारलंच, "बाबा, आपण गोव्याला कधी जायचं?" तेव्हापासून मी रानाचे फोटो काढतो, आणि ते घरात भिंतीवर लावतो.

जंगलात फोटो काढणं अवघड आहे, हे मान्य. प्रकाश नसतो आणि सगळं हिरवंच. मी तीन गोष्टी शिकलो. भर उन्हात जायचंच नाही, ढगाळ दिवस किंवा पाऊस नुकता थांबलेला हवा. ओल्या पानांवर आभाळ चमकतं, त्याने हिरवा रंग पांढुरका पडतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून फिरवला की ती चमक जाते आणि पानांचा खरा रंग वर येतो. आणि चौकटीत एकच झाड मुख्य धरायचं, बाकीचं त्याच्या मागे. नाहीतर नुसता गचपणा येतो.

निरंकाराची राई पाहिली आहे का कुणी? देवाची राई, रानजायफळाची दलदल. भर दुपारी आत संध्याकाळ असते. चिखलातून झाडांची मुळं गुडघे दुमडल्यासारखी वर येतात. ट्रायपॉडवर चार-चार सेकंद उघडं ठेवून मी ते गुडघे टिपले (प्रचि खाली देतो). त्या चार सेकंदांत पान हलता कामा नये, म्हणून वारा पडायची वाट बघत तासभर उभा होतो. पायात चप्पल नव्हती, राईत आम्ही चपला घालत नाही.


आखातातला_गोंयकार | रविवार, दुपारी १:३०

मस्कतला बसून वाचतोय. प्रचि ३१ मधलं मानशीचं दार बघून अंगावर काटा आला. आमच्या शेताच्या मानशीवर पावसाळ्यात गळ टाकून बसायचो.

ताई, कॅमेरा कुठला? मी डिसेंबरात घरी येतोय, काय घेऊन यावं?


खाजनकाठ | रविवार, दुपारी २:१०

भाऊ, पहिले तीस फोनवरचे. मग भावाचा जुना कॅमेरा मिळाला, १८-५५ ची साधी लेन्स. नवीन काही घेऊ नका. फोनवर काढताना आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवून धरायचं, म्हणजे उजेड तिथे अडकतो, आणि मग तो थोडा खाली ओढायचा. आभाळाचे रंग वाचतात. जमीन जरा काळी पडते ती नंतर उजळवता येते. पांढरं होऊन गेलेलं आभाळ मात्र परत आणता येत नाही.

एकच सांगते, डोंगर दिसत असेल तर फोनची सर्वांत रुंद लेन्स वापरू नका. तिच्यात सह्याद्री मुंगीएवढा होतो. घरून डोळ्याला जेवढा मोठा वाटतो तेवढा दाखवायचा तर झूम लागतो. प्रचि ९ मी दोनदा काढला होता. रुंद लेन्सचा पाहून बहीण म्हणाली, कुठे आहे डोंगर?


जुना_रोल | रविवार, सायंकाळी ६:५५

फार दिवसांनी इथे लिहितो आहे. धागा वाचून राहवलं नाही.

मी बेतीचा. मांडवीच्या अलीकडून पणजी दिसते ती आमच्या दारातून. छत्तीस फोटोंचा रोल असायचा तेव्हा. तो महिनाभर पुरवायचा आणि धुवायला शहरात द्यायचा. एका खटक्याला किंमत होती, म्हणून उभं राहून आधी नीट बघायची सवय लागली. खाजनकाठताई, तुमचा आठवड्याला एकच फोटो हा नियम मला त्याचसाठी आवडला.

१९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी आमच्या धक्क्यावरून पुलाचा फोटो काढला होता, सहज. पडल्यावर त्याच जागेवरून काढला. मग फेरीबोटींची गर्दी, पुन्हा पूल, मग त्याच्या शेजारी आणखी एक, आणि २०१९ मध्ये तारांचा उंच पूल सुरू झाला तोही. एकाच धक्क्यावरून सगळे. तेव्हा 'प्रकल्प' वगैरे शब्द डोक्यात नव्हता. घर तिथे होतं म्हणून झालं. आता हे फोटो ओळीने लावले की पूल दिसतात खरे, पण मी पाहतो ते पाठीमागच्या आल्तिन्हच्या टेकडीवरची झाडं.

दोन गोष्टी नव्या मंडळींसाठी, दोन्ही मी नुकसान सोसून शिकलो.

पहिली बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. माझी सर्वांत चांगली लेन्स अशीच गेली, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर काही दिवसांनी त्या तापवून सुकवा. आणि कॅमेरा वापरत राहा. वापरातल्या लेन्सला हवा-उजेड लागतो. समुद्रावरून आलात तर आधी ओलसर फडक्याने खार पुसा, मग कोरड्याने. वाळू असताना काच घासू नका.

दुसरी सूर्याची. लोक म्हणतात सूर्य पश्चिमेला मावळतो. आमच्याकडे डिसेंबरात तो नैऋत्येकडे सरकलेला असतो आणि जूनमध्ये वायव्येकडे. दोन टोकांत जवळजवळ ४९ अंशांचं अंतर, हात लांब करून धरलेल्या पाच मुठींएवढं. एखाद्या देवळाच्या दीपस्तंभामागे सूर्य मावळताना हवा असेल तर वर्षात ठराविक दोनच वेळा तो तिथे येतो, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो, माडाची सावली माडाच्या बुंध्याशी गोळा होते. मेमधली ती सावली टिपून बघा. ऑगस्टात ढग दिसू देत नाहीत.


लाल_माती | सोमवार, सकाळी ८:२०

सगळ्यांचे फोटो सुरेख आहेत. मला एक प्रश्न पडला आहे आणि तो मनापासून विचारतोय, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

मी डिचोली तालुक्यातला, खाणपट्ट्यातला. आमच्या घराजवळचं दृश्य म्हणजे खाणीचा खड्डा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पंप थांबले, खड्डे पाण्याने भरले. आज त्या पाण्याचा रंग पाचूसारखा हिरवा-निळा आहे. कडेला लाल पायऱ्या पायऱ्या कापलेल्या. सकाळच्या उन्हात असं देखणं दिसतं की बाहेरून आलेला माणूस हरखून जातो. माझा तो फोटो मी एका ठिकाणी टाकला तेव्हा "वाव, हे कुठे आहे, पोहायला जाता येतं का" असे प्रतिसाद आले.

तिथे पूर्वी आमच्या चुलत्यांच्या काजूच्या बागा होत्या. शाळेत जाताना आम्ही नाकाला रुमाल बांधायचो. रस्त्याकडेच्या झाडांची पानं जानेवारीत लाल असायची, पहिला पाऊस पडला की आम्हाला त्यांचा हिरवा रंग दिसायचा. आई धुतलेले कपडे घरात वाळत घालायची. आणि त्याच खाणीच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं, हेही खरं.

तर, हा फोटो घरच्या निसर्गसौंदर्याच्या धाग्यात टाकावा का?


कुळागर | सोमवार, सकाळी १०:००

टाकावा. पण खाली लिहून टाकावा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच.


रानवाट | सोमवार, सकाळी १०:४५

मला नाही पटत. लाल_माती, तुमच्या भावना समजतात. पण देखणा फोटो मजकुराशिवाय फिरतो. खालचे चार परिच्छेद गळून पडतात आणि पाचूचं पाणी तेवढं राहतं. मग शनिवार-रविवारी गाड्या भरून लोक येतात. त्या खड्ड्यांच्या कडा खचतात, आत उतार नाही, एकदम खोल. जीव जाईल कुणाचा तरी.


जुना_रोल | सोमवार, दुपारी १२:१५

एक उपाय सुचवतो. फोटो असा घ्या की तो देखणा आणि खरा दोन्ही राहील. चौकटीत पाण्याबरोबर माणसाच्या हातची खूण येऊ द्या. गंजलेला पंप, ढिगाऱ्यावर उगवलेली एखादी बाभूळ, दूरवर एखादं घर. सकाळच्या सोनेरी उन्हाऐवजी एप्रिलच्या दुपारी काढा. ऊन क्षमा करत नाही तेव्हा जमीन जशी आहे तशी येते. आम्ही फोटोवाले दुपार टाळतो, पण दुपारच्या उजेडाचंही काम असतं.


लाल_माती | सोमवार, रात्री ९:३०

काका, तुमचं ऐकलं. आज कामावरून लवकर निघून तीन वाजता गेलो. चौकटीत डाव्या कडेला चुलत्यांच्या जुन्या आवाराचा चिऱ्यांचा गडगा आला, निम्मा. उरलेला निम्मा खड्ड्यात गेला. इतकी वर्षं त्या खड्ड्याचे फोटो काढतोय, तो गडगा मला आज दिसला.

फोटो खाली टाकला आहे. जागा लिहिलेली नाही.


खाजनकाठ | सोमवार, रात्री १०:०५

लाल_माती, हा फोटो माझ्या बावन्न फोटोंपेक्षा मोलाचा आहे. धाग्यात राहू द्या.


सडाफुली | मंगळवार, सकाळी ७:५०

जागेचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी पेडण्याची. आमचं घर सड्याच्या उतारावर आहे. उन्हाळ्यात सडा म्हणजे काळा कातळ, त्यावर चटके. पाहुणे म्हणतात, ओसाड आहे. जूनचे पहिले पाऊस पडले की कातळाच्या खळग्यांत दीपकाडी उमलते. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी, हजारोंनी. ती पाण्यातले बारीक किडे पकडून खाणारी वनस्पती आहे, कारण तिथे मातीच नाही, असली तर बोटाच्या पेराएवढी. त्याच सुमारास तेरडा. पंधरा-वीस दिवसांत सड्याचा रंग तीनदा बदलतो.

ही फुलं उभ्याने दिसत नाहीत. ओल्या कातळावर पोटावर झोपावं लागतं. कॅमेरा जमिनीला टेकवला की नखाएवढं फूल मोठं होतं आणि त्याच्यामागे ढग येतात. मी प्लास्टिकचं इरलं अंथरून झोपते, तेही फुलं नसलेली जागा बघून. गुडघा टेकला तिथलं परत वर्षभर उगवत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक फोटो गावाच्या नावासकट टाकला. पुढच्या रविवारी आठ-दहा गाड्या. फुलांवर बसून फोटो, फुलांवरच जेवण. त्यांच्यात दुष्ट कुणी नव्हतं. माती किती पातळ आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच. तेव्हापासून मी जागा लिहीत नाही.


आखातातला_गोंयकार | मंगळवार, सकाळी ९:१५

पण ताई, लपवून ठेवलं तर त्याची किंमत कुणाला कळणार? कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. ज्या जागेचा फोटो नाही, ती जागा गेली तर रडणार कोण? मोपाच्या सड्यावर आता विमानतळ आहे, २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमानं उडतात. मी स्वतः तिथेच उतरतो, सोयीचं आहे, नाकारत नाही. पण त्याआधी तो सडा पावसाळ्यात कसा दिसायचा, याचा एक फोटो माझ्याकडे नाही. आमची म्हैस तिथे चरायची.


सडाफुली | मंगळवार, दुपारी १:४०

तुमचं म्हणणं खरं आहे, दोन दिवस विचार केला तरी त्याला उत्तर सापडायचं नाही मला. सध्या मी असं करते. लोकांसाठी फोटो टाकताना 'पेडणे तालुका' एवढंच. पण स्वतःच्या वहीत जागा, तारीख, फुलाचं नाव सगळं लिहून ठेवते, आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत दिली आहे. फोनमधून फोटो पाठवताना त्यात जागेची खूण आपोआप जाते, ती काढून टाकायला शिकले.

मोपाचे माझ्याकडे सतरा फोटो आहेत, जुने. म्हशीही आहेत त्यात. पाठवते. तुमची ओळखता आली तर सांगा.


आखातातला_गोंयकार | मंगळवार, दुपारी २:०५

नक्की पाठवा. आईलाही दाखवीन.


दक्षिण_टोक | मंगळवार, रात्री ११:२०

काणकोणहून. माझं एवढंच सांगणं, रात्रीचे फोटो काढणाऱ्यांसाठी.

आमच्या गालजीबाग आणि आगोंदला, तिकडे उत्तरेत मोरजीला समुद्री कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासून पुढे. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे उजळ दिसतं तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ म्हणजे समुद्र. तुम्ही टॉर्च लावलात, फोनचा फ्लॅश मारलात, तर ती उलटी फिरतात. ताऱ्यांचे फोटो काढायला या काळात या किनाऱ्यांवर येऊ नका. या दिवसांत मी माझ्याच गावात रात्री कॅमेरा नेत नाही. सुरूच्या झाडाखाली बसून नुसता ऐकतो.

आणि ड्रोन. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, अभयारण्यांत परवानगी लागते, नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. मी विकून टाकला. वरून काढलेली आमची नदी मला ओळखू येईना.


कुळागर | बुधवार, दुपारी ४:३०

मी अंत्रुजातली, फोंड्याकडची. घराभोवती कुळागर: पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढलेले मिऱ्यांचे वेल, मधून पाट. कुळागराचा फोटो मला पाच वर्षं जमला नाही. आतला अंधार आणि वरून पडणारे उन्हाचे कवडसे, दोन्ही एका चौकटीत मावत नाहीत, एकतर कवडसा पांढरा फटक नाहीतर पोफळी काळ्या. शेवटी कळलं की सकाळी आठच्या सुमाराला, घरात चूल पेटलेली असताना काढायचा. धूर कुळागरात शिरतो, कवडशांना अंग येतं, आणि अंधारही मऊ होतो. सासूबाई अजून पाणी चुलीवरच तापवतात, म्हणून मला तो फोटो मिळाला.

पण माझा खरा फोटो दुसराच आहे. चतुर्थीला माटोळी बांधतो ना आपण, ती सगळी रानातली फळं: कवंडळं, कांगण्या, घागऱ्या, नागुलकुडं. गेली काही वर्षं आम्ही ती बाजारातून आणायला लागलो होतो. गेल्या वर्षी सासूबाईंना म्हटलं, मला ही सगळी वेलीवर, झाडावर असताना दाखवा, मी फोटो काढते. त्यांचं वय सत्तरच्या वर. त्यांना गाडीत बसवून मागच्या डोंगरावर नेलं. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मला अकरा वेली दाखवल्या, ज्यांच्यावरून मी पंधरा वर्षं जात-येत होते. कवंडळ वेलीवर असताना हिरव्या गर्दीत एकच लालभडक गोळा, ओल्या कुंकवासारखा. तो फोटो काढताना त्या माझ्यामागे छत्री धरून उभ्या होत्या आणि फळ कुठल्या महिन्यात धरतं, कशावर चढतं, तोडताना देठ किती ठेवायचा, सगळं बोलत होत्या. मी फोनवर ते बोलणंही टिपून ठेवलं.

या वर्षी माटोळीचं निम्मं सामान आम्ही स्वतः आणलं. वेल न ओढता, देठ ठेवून.


रानवाट | बुधवार, सायंकाळी ५:०५

वहिनी, अकरा वेलींची यादी द्या. आमच्याकडे दोन-तीन नावं वेगळी असतील, पोरांना घेऊन शोधतो.


जुना_रोल | गुरुवार, सकाळी ६:३०

खाजनकाठताई, बावन्न झाले. आता पुढे काय? थांबणार का?


खाजनकाठ | गुरुवार, रात्री ८:१५

काका, थांबायचं असं ठरवलं होतं खरं.

मंगळवारी बांधावर गेले, कॅमेरा न घेता. मानशीच्या दाराची खालची फळी कुजली आहे, भरतीला बाजूने खारं पाणी आत झिरपतंय. कोपऱ्यातल्या भाताची टोकं पिवळी पडायला लागलीत. घरी येऊन जुने फोटो उघडले आणि मागे मागे गेले. प्रचि ४४ मध्ये फळीवर एक काळी रेघ आहे. प्रचि ४८ मध्ये ती बोटभर रुंद. मी त्या दोन्ही दिवशी आभाळ बघत होते.

हे दोन्ही फोटो मोठे छापून काल बांधाचं काम बघणाऱ्या मंडळींकडे नेले. रेघ कधीपासून आहे हे तारखेसकट दाखवता आलं. रविवारी सकाळी, पाणी उतरलेलं असताना, फळी बदलायची ठरलंय. तिथीचं पाऊणपट करून वेळ मीच सांगितली.

तेव्हा त्रेपन्नावा रविवार आहे. पुण्याहून बहिणीची लेक आली आहे, तीच चिऱ्यावर उभी राहून काढणार म्हणते. रायबंदरहून फेरीने कुणी येणार असेल तर सहाच्या आत पोचा, धक्क्यावरून बांधापर्यंत चालायला वेळ लागतो, आणि वाट ओली आहे.